लढाई संपल्यावर शिपायाचें काय?

जॉर्ज सीटन यांनीं १९४८ मध्यें दिग्दर्शित केलेला ‘अपार्टमेंट फॉर पेगी’ हा बोलपट वरवर पाहतां एक हलकीफुलकी प्रेमकथा आहे. युद्धावरून परतलेला एक तरुण सरकारी मदतीनें कॉलेजांत शिकूं लागतो. जागा मिळेना म्हणून तो व त्याची पत्नी एका वृद्ध प्राध्यापकाच्या माळ्यावर बिऱ्हाड थाटतात. आणि जगण्याला विटलेला तो प्राध्यापक त्यांच्या सहवासांत पुन्हा जगूं लागतो. आम्ही त्याच पेशांतले, म्हणून त्या वृद्धाकडे पाहून पोटभर हंसलों. परंतु अमेरिकेनें १९४४ मध्यें कायदा करून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाची सोय केली, म्हणूनच तेथें ही कथा विनोदी होऊं शकली. आपल्याकडे ती कोणत्या रसांत रंगली?

त्याचें उत्तर भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत आहे. तोरणा व राजगड ज्या मुलखांत उभे आहेत, तेथील मावळ्यांनीं व रामोशांनीं पिढ्यान्‌पिढ्या गडांची राखण करून पोट भरलें. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली. भोरच्या पंतसचिवांचें संस्थान टिकलें. पण कंपनी सरकारला गडांची गरज उरली नाहीं, मग तटावर रात्र जागविणाऱ्या माणसाची कोठून उरणार?

शेजारच्या पुरंदर भागांतील भिवडीचे उमाजी नाईक अशांपैकींच. पुरंदरच्या राखणीचा त्यांच्या लोकांचा हक्क दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींतच गेला होता. नव्या राज्यांत तो परत मिळण्याची आशाही मावळली. त्यांनीं बंड उभारलें. सरकारनें मध्यंतरीं त्यांना माफी देऊन नोकरींत घेतलें, हें न्यायानें सांगितलेंच पाहिजे. पण सोय झाली ती एका नाइकाची, रिकाम्या पडलेल्या बाकीच्या हातांची नव्हे. बंड पुन्हा पेटलें. डिसेंबर १८३१ मध्यें भोरजवळच्या उत्रोळीस उमाजी पकडले गेले व ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास त्यांना फांशी झाली. त्यांच्या पाठीवर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशनें पुढच्याच वर्षीं रामोशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला! माणसें समजून घेण्याची बुद्धि सुचली, ती फांसाची दोरी ओढून झाल्यावर.

उमाजींस कोणी बंडखोर म्हणतात, कोणी आद्य क्रांतिकारक. तो वाद आम्ही येथें घालीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, लढाई जिंकणाऱ्या राज्याची खरी परीक्षा तहानंतर सुरू होते. अमेरिकेंतील त्या तरुणाला एक माळा व चार पुस्तकें मिळालीं. आमच्या राखणदाराला त्याच्या गडाचा दरवाजाही बंद झाला.