डान्स पॅड : घरच्या घरी दुरुस्ती आणि सुधारणा

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खालून वर सरकणारे बाण, वेगवान संगीत आणि पायाखाली तशाच चार बाणांची चटई. पडद्यावरचा बाण ठरलेल्या जागी पोहोचेल त्याच क्षणी चटईवरील त्या दिशेच्या चौकोनावर पाय पडला पाहिजे, एवढाच या खेळाचा नियम. परंतु पाय वेळेवर पडूनही पडद्यावर चूक नोंदली गेली तर दोष पायाचा की चटईचा? घरी हा खेळ खेळणाऱ्यांना हा प्रश्न केव्हा ना केव्हा पडतोच. अनेकदा दोष चटईचा असतो आणि तो थोड्या खर्चात दूरही करता येतो. त्यासाठी चटईच्या पोटात काय आहे, हे मात्र आधी समजून घ्यावे लागते.

पार्लरमधून घरात

जपानच्या कोनामी कंपनीने ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ हा खेळ १९९८ मध्ये व्हिडिओ गेम पार्लरसाठी आणला. प्लेस्टेशनवरील त्याची घरगुती आवृत्ती जपानमध्ये १९९९ मध्ये, तर अमेरिकेत २००१ मध्ये आली. पार्लरमधील यंत्राला जमिनीवर घट्ट बसलेला जड धातूचा चौथरा असतो आणि तोल सांभाळण्यासाठी मागे दांडा असतो. घरच्या वाट्याला आली ती गुंडाळून कपाटात ठेवता येणारी प्लास्टिकची चटई. खेळ तोच, पण पायाखालची जमीन निराळी, अशी ही स्थिती होती.

ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेत काही कंपन्या पुढे आल्या. रेडऑक्टेनने जाड फोम घातलेले ‘इग्निशन’ हे पॅड विकले, तर कोबाल्ट फ्लक्सने पार्लरच्या तोडीचे धातूचे पॅड. धातूच्या पॅडची किंमत मात्र साध्या चटईच्या कितीतरी पट होती. त्यामुळे हौशी खेळाडूंनी, विशेषतः अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी, प्लायवूड, पत्रा आणि वायर घेऊन स्वतःच प्रयोग सुरू केले. २००१ पासून ‘स्टेपमेनिया’ हा मोफत आणि मुक्त संगणकीय खेळ उपलब्ध झाल्याने गेम कन्सोल नसलेल्यांनाही हा छंद जोपासता आला. व्यायामाचे साधन म्हणूनही खेळाकडे पाहिले गेले. वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २००६ मध्ये आपल्या सर्व ७६५ सरकारी शाळांत तो नेण्याची योजना जाहीर केली होती. त्या काळातील बरीच पॅड आता बनत नाहीत. त्यामुळे जुने पॅड टिकवायचे तर दुरुस्तीचे ज्ञान हाताशी असावे लागते.

आत असते तरी काय?

बाहेरून कितीही रंगीबेरंगी दिसली, तरी डान्स पॅड म्हणजे पायाने दाबायची काही बटणे, एवढेच. मऊ चटईत तीन मुख्य थर असतात. वरच्या व खालच्या प्लास्टिकच्या पातळ पडद्यांवर वीजवाहक शाईने रेषा आणि पट्टे छापलेले असतात. मधला थर स्पंज किंवा फोमचा असून बाणांच्या जागी त्याला भोके असतात. पाय पडला की भोकातून वरचा पट्टा खालच्या पट्ट्याला टेकतो आणि सर्किट पूर्ण होते. पाय उचलला की फोम वरच्या थराला पुन्हा वर ढकलतो. वरच्या कडेला असलेल्या छोट्या डबीतील पट्टी हा संकेत केबलमधून कन्सोलपर्यंत किंवा संगणकापर्यंत पोहोचवते.

म्हणजेच चांगल्या पॅडकडून तीनच अपेक्षा असतात. ते जागचे हलू नये, पाय पडताच संपर्क जुळावा आणि पाय उचलताच तो सुटावा. पॅडमधील प्रत्येक सुधारणा या तीनपैकी एका अपेक्षेसाठी असते. नेमकी कोणती अपेक्षा पुरी होत नाही, हे न पाहता केलेला खर्च वाया जाण्याची शक्यता अधिक.

येथे वेळेचे गणितही ध्यानात घ्यायला हवे. स्टेपमेनियाच्या मूळ मांडणीत सर्वोच्च श्रेणी मिळण्यासाठी पाऊल नेमक्या क्षणाच्या मागेपुढे २२.५ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाच्या सुमारे चव्वेचाळिसाव्या भागाच्या आत पडावे लागते. फोम दबायला लागणारा किंचित उशीरही या हिशेबात जाणवतो.

आधी निदान, मग उपाय

पॅड संगणकाला जोडता येत असेल तर निदान सोपे होते. विंडोजमध्ये गेम कंट्रोलरच्या चाचणीची खिडकी असते. कोणते बटण दाबले गेले आहे, हे तेथे दिवा लागावा तसे दिसते. प्रत्येक बाण आधी हाताने मधोमध दाबावा, मग चारही कोपऱ्यांवर आणि शेवटी उभे राहून पायाने.

कोणीही स्पर्श न करता बाण ‘दाबलेला’ दिसत असेल, तर दोन्ही थर एकमेकांना चिकटलेले आहेत. फोम चेपला गेला आहे, सरकला आहे किंवा आत ओल शिरली आहे, असे समजावे. मधोमध दाबल्यावर बाण लागतो, पण कडेला लागत नसेल तर तेथे फोमचे भोक अपुरे आहे किंवा वाहक पट्टा झिजला आहे. बाण मुळीच लागत नसेल तर घडीच्या ठिकाणी वाहक रेषा तुटलेली असण्याचा संभव मोठा. आणि सर्व बाण हाताने नीट लागत असूनही खेळताना चुका होत असतील, तर चटई पायाखालून सरकते आहे, हे उघड आहे.

पहिला उपाय : प्लायवूड

सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक गुण देणारा उपाय म्हणजे चटई फळीवर बसवणे. बाणांचा तीन बाय तीन चौकोनांचा पट साधारण ३३ इंचांचा असतो. त्यामुळे तीन फूट रुंदीचा तुकडा पुरेसा होतो. आपल्याकडे दुकानांत मिळणाऱ्या आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडमधून तो सहज निघतो. जाडी १२ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असावी. पातळ फळी पायाखाली लवते.

फळीच्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात. चटई सुरकुती न पडू देता ताणून पसरावी आणि कडा मजबूत चिकटपट्टीने फळीच्या खालच्या बाजूस वळवून बसवाव्यात. चटईतून खिळे, स्टेपल किंवा स्क्रू आरपार ठोकणे कटाक्षाने टाळावे. धातूचा तुकडा दोन्ही थर भेदून गेला तर तो बाण कायमचा ‘दाबलेला’ राहतो. स्क्रूच वापरायचे असतील तर चटईच्या शिवणीबाहेर लाकडी पट्टी ठेवून तिच्यात मारावेत.

चटई खेळताना एकीकडे सरकत जाते, ही दुसरी नेहमीची तक्रार. पडद्याकडे पाहताना पायाखालचा मध्य कोठे आहे, हे कळत नाही. त्यावर तोडगा म्हणून मधला व कोपऱ्यांतील चौकोन तीन ते सहा मिलिमीटर उंच करतात. घट्ट फोमचे किंवा पातळ प्लायचे तुकडे दुहेरी चिकटपट्टीने त्या जागी बसवले की बोटांना कडा लागते आणि पाऊल आपोआप जागेवर येते. कोपऱ्यातील बटणे त्यामुळे सतत दाबली जाणार नाहीत ना, हे मात्र तपासावे. उंची याहून वाढवू नये. अडखळून पडण्याचा धोका असतो.

चटई उघडायची झाल्यास

फोम सरकलेला असेल तर चटई उघडण्यावाचून गत्यंतर नसते. काही चटयांना वेल्क्रो किंवा चेन असते. नसल्यास एका बाजूची शिवण सावकाश उसवावी. फोम सपाट करून त्याची भोके छापील पट्ट्यांच्या बरोबर वर येतील असा बसवावा आणि कडेला चिकटपट्टीचे टाके द्यावेत. फोम चेपून निकामी झाला असेल तर तेवढ्याच जाडीचा नवा कापून घालावा. जाडी वाढली तर जोराने पाय आपटावा लागतो, कमी झाली तर बाण सुटत नाही.

छापील शाई नाजूक असते. ती कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसावी, घासू नये. तुटलेली रेषा जोडण्यासाठी वाहक रंग किंवा तांब्याची चिकटपट्टी वापरतात. येथे डाख देण्याचा मोह टाळावा. सोल्डरिंगच्या उष्णतेने प्लास्टिकचा पडदाच वितळतो. दुरुस्त चटई पुन्हा घडी घालून ठेवू नये. ती सपाट ठेवावी किंवा सैल गुंडाळावी. तिच्यावर बूट घालून खेळूही नये.

स्वतः बनवलेले कडक पॅड

यापुढची पायरी म्हणजे पॅड मुळापासून बनवणे. प्लायवूडच्या पायावर प्रत्येक बाणाच्या जागी पातळ पत्रा बसवतात. त्याच्या कडेने एक-दोन मिलिमीटर जाडीच्या फोमच्या पट्ट्या लावतात. वर तळाला पत्रा ठोकलेला दुसरा चौकोन ठेवतात. पार्लरच्या यंत्रातील चौकोन साधारण २८ सेंटिमीटरचा असतो. तेच माप घेतल्यास सवय बदलावी लागत नाही. संपर्क फक्त मध्यभागी न ठेवता चारही कडांना ठेवला, तर पाऊल कोठेही पडले तरी सर्किट जुळते. वरच्या आवरणासाठी पॉलिकार्बोनेट चांगले. दिसायला तसेच असणारे ॲक्रिलिक पायाच्या आघाताने तडकू शकते.

पत्र्याच्या कडा कानसेने घासणे अत्यावश्यक आहे. अनवाणी पायाला त्या ब्लेडसारख्या कापतात. ॲल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडचा थर साचतो आणि संपर्क बिघडतो. त्यामुळे पत्रा अधूनमधून बारीक पॉलिश पेपरने साफ करावा लागतो.

संकेतासाठी जुने, साधे गेमपॅड वापरता येते. त्यातील प्रत्येक बटणाला दोन टोके असतात. अनेक गेमपॅडमध्ये त्यांपैकी एक टोक सर्व बटणांना सामाईक असते. अशा वेळी चार बाणांना पाच वायर पुरतात. टोके मल्टिमीटरने तपासून घ्यावीत. बटणाखालच्या काळ्या कार्बनच्या ठशावर डाख धरत नाही. त्यासाठी जवळची तांब्याची रेषा शोधून तिच्यावरील रंगाचा थर खरवडावा लागतो.

एकाच वेळी डावा आणि उजवा

एक अडचण अनेकांना चकवते. साध्या गेमपॅडवर डावी व उजवी दिशा एकाच वेळी दाबली जात नाही. डान्स पॅडवर मात्र उडी मारून दोन्ही पाय विरुद्ध बाणांवर टाकावे लागतात. प्लेस्टेशनचे पॅड संगणकाला जोडणारे काही ॲडॅप्टर डावे-उजवे हे एकाच अक्षाची दोन टोके मानतात. दोन्ही एकदम आले की ती परस्परांना रद्द करतात आणि उडी नोंदलीच जात नाही. अशा वेळी पॅड उघडण्यात अर्थ नाही. चारही बाण स्वतंत्र बटणे म्हणून पाठवणारा ॲडॅप्टर घेणे, हाच उपाय. गेमपॅड निवडतानाही ही चाचणी आधी करावी.

दाबाचे सेन्सर

अलीकडच्या वर्षांत हौशी मंडळी पत्र्याऐवजी दाबानुसार विद्युतरोध बदलणारे कागदासारखे पातळ सेन्सर वापरू लागली आहेत. दाब वाढला की त्यांचा रोध कमी होतो. आर्डुइनो किंवा टीन्सीसारखी छोटी पट्टी हा बदल मोजते आणि संगणकाला जॉयस्टिक म्हणून संकेत पाठवते. आर्डुइनो लिओनार्डोसारख्या पट्टीवर हे मोजमाप ० ते १०२३ या आकड्यांत मिळते. कोणत्या आकड्याला बाण ‘दाबला’ मानायचा, हे खेळाडू स्वतः ठरवू शकतो. दाबण्याचा आकडा जरा वर आणि सोडण्याचा जरा खाली ठेवला की बाण थरथरत नाही. लहान मुलाचे वजन आणि मोठ्या माणसाचे वजन यांसाठी वेगळी मांडणी करता येणे, हा याचा मोठा लाभ. मात्र सेन्सरवर भार सरळ आणि सपाट पडला पाहिजे. कडेला दुमडला तर तो लवकर निकामी होतो.

दोष पॅडचा नसेलही

सर्व पावले सारख्याच अंतराने उशिरा नोंदली जात असतील तर पॅडला बोल लावू नये. जुन्या काचेच्या नळीच्या दूरचित्रवाणीवर हा प्रश्न नव्हता. सपाट पडद्याचे संच चित्रावर प्रक्रिया करतात आणि त्यात वेळ जातो. संचातील ‘गेम मोड’ सुरू करावा. स्टेपमेनियात ध्वनी व चित्र यांचा मेळ साधण्याची सोयही आहे, ती वापरावी.

शेजारी, गुडघे आणि वीज

सदनिकेत खेळताना खालच्या मजल्यावरील कुटुंबाचाही विचार हवा. धमक कमी करण्यासाठी रबर किंवा जाड फोमचा थर फळीच्या खाली घालावा, चटईच्या लगेच खाली नव्हे. मऊ चटईखाली मऊ थर आला की सुरकुत्या वाढतात आणि घोटा मुरगळण्याची भीती असते. फळी फरशीवर घसरत नाही ना, हे खेळण्याआधी ढकलून पाहावे. पाय आपटण्याची गरज भासू लागली तर ती पॅड बिघडल्याची खूण समजावी. अशा आपटण्याचा भार शेवटी गुडघ्यांवरच येतो.

यूएसबीवरील वीज पाच व्होल्टची असल्याने पॅडमधील काम सुरक्षित असते. तरीही वायर काढल्याशिवाय पॅड उघडू नये. पॅडला घरच्या विजेचा थेट संबंध येईल असा कोणताही प्रयोग करू नये. दुरुस्तीचा क्रम नेहमी स्वस्ताकडून महागाकडे असावा : आधी चाचणी, मग फळी, नंतर फोम, त्यानंतर वायर आणि सर्वांत शेवटी नवे पॅड. यातील पहिल्या दोन पायऱ्यांतच बऱ्याच चटया पुन्हा खेळण्याजोग्या होतात.