गुडघ्याला गुडघा का लागतो?

चालताना पोराचे गुडघे एकमेकांना घासू लागले, की घरात काळजी सुरू होते. कुणी म्हणते दृष्ट लागली, कुणी म्हणते लवकर उभे केले. इतिहास काय सांगतो, ते पाहू.

मुडदूस झालेल्या मुलाची हाडे मऊ राहतात. अंगाचा भार पडला, की पाय कमानीसारखे वाकतात, नाहीतर गुडघे आत येतात. ग्लिसन या इंग्रज वैद्याने १६५० साली या रोगावर ग्रंथ लिहिला; पण कारण सापडायला पावणेतीनशे वर्षे लागली. १९१९ च्या सुमारास मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांवर कॉड माशाच्या तेलाचा गुण दाखविला. त्याच वेळी बर्लिनला हुल्डशिन्स्की यांनी दिव्याच्या अतिनील किरणांनी मुले बरी केली. मग दोष अन्नाचा की उजेडाचा?

या वादात मोलाचा पुरावा आपल्या अकोल्याच्या शेजारी, नाशिक भागात मिळाला. १९२१-२२ च्या सुमारास डॉ. हचिसन व त्यांच्या हिंदी सहकाऱ्यांना दिसले, की पडद्यातल्या सुखवस्तू घरांत हा रोग आहे. पण निकृष्ट अन्न खाऊनही उन्हात वाढणाऱ्या गरिबांच्या मुलांत तो जवळजवळ नाही. पुढे उलगडा झाला: उन्हाने कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते. तेच माशाच्या तेलातही असते आणि अन्नातला चुना हाडांपर्यंत पोचवते. आपल्या नागलीत चुना भरपूर आहे. त्याला उन्हाची जोड हवी.

दुसरे कारण पाण्यात सापडले. १९७३ साली हैदराबादच्या संशोधकांनी आंध्रातल्या जास्त फ्लोराइडच्या पाण्याच्या गावांत असे गुडघे नोंदविले. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर भागांतल्या काही विहिरी-बोअरच्या पाण्यातही फ्लोराइड जास्त आहे. तिथे पाणी तपासून घ्यावे.

पण प्रत्येक गुडघा रोगी नसतो. तीन-चार वर्षांच्या मुलाचे गुडघे थोडे आत येणे ही वाढीची रीतच आहे. सात-आठ वर्षांपर्यंत ते बहुधा आपोआप सरळ होतात. त्यासाठी फळ्या बांधू नयेत, मालिशवाल्याकडून ओढून घेऊ नयेत. मात्र त्या वयानंतरही वाक राहिला, वाढत गेला, एकाच पायाला असला किंवा दुखू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे.

गुरुजनांना एकच विनंती. अशा मुलाला कुणी चिडवू लागले तर थांबवा, आणि त्याला खेळातून वगळू नका. मैदानावरचे ऊन त्यालाही हवेच आहे.