डिस्क जुनी, मदरबोर्ड नवा

बडोद्याला दोन लिप्यांची सवय जुनी. गायकवाडांच्या राज्यात प्रजा मुख्यत्वे गुजराती, राजघराणं आणि दरबारी मंडळी मराठी.   रावपुरा, दांडिया बाजार या भागांत मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहिली, त्यामुळे एका घरची लग्नपत्रिका मराठीत तर शेजारची कंकोत्री गुजरातीत, हे गावाला नेहमीचं.

नव्वदच्या दशकात छपाईच्या खिळ्यांची जागा डीटीपीनं घेतली आणि पत्रिकांची ही दोन्ही कामं असेंबल्ड कॉम्प्युटरवर आली. पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, अशी ती साधनं. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. फाईल दुसऱ्या मशीनवर नेली आणि तिथे तोच फॉन्ट नसला, की वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसे. म्हणून मशीन म्हातारं झालं तरी ऑपरेटर ‘फॉरमॅट मारून नवं विंडोज टाका’ या सल्ल्याला तयार नसे. फॉन्ट, कळफलकाच्या सवयी, प्रिंटरची सेटिंगं, वर्षानुवर्षांचे नमुने, सगळं आहे तसंच नव्या पेटीत हवं असे. हा हट्ट नव्हता. पोटापाण्याचा प्रश्न होता.

विंडोज 98 पर्यंत हे जमून जाई. जुनी हार्डडिस्क नव्या मदरबोर्डला जोडली की ‘नवं हार्डवेअर सापडलं’ अशा खिडक्यांची रांग लागे, सीडी मागितली जाई आणि बहुधा गाडी रुळावर येई.

खरी अडचण आली ती 2001 च्या एक्सपीबरोबर. एनटी घराण्याचं हे विंडोज सुरू होताना नोंद असलेलाच डिस्क कंट्रोलर ओळखे. नव्या बोर्डाचा चिपसेट वेगळा असला, की ज्या डिस्कवरून ते उठायचं तीच त्याला वाचता येईना: निळा पडदा, खाली 0x0000007B. न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं आणि 1998 मध्ये सिमॅन्टेकनं घेतलेलं घोस्ट हे सॉफ्टवेअर डिस्कची हुबेहूब प्रत काढून देई, पण हुबेहूब म्हणजे जुन्या कंट्रोलरच्या नोंदीसकट.

जाणते कारागीर जुनं मशीन बंद करण्याआधीच डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कंट्रोलरचा ड्रायव्हर बदलत. चिपसेट कंपनीचा काढून साधा ‘स्टँडर्ड ड्युअल चॅनल’ लावत. ते राहून गेलं असेल तर एक्सपीची सीडी घालायची, पहिल्या पडद्यावर ‘आर’ न दाबता एंटर, मग एफ-8, आणि जुनं विंडोज सापडल्यावर दुरुस्तीसाठी ‘आर’. पहिलंच ‘आर’ दाबलं तर रिकव्हरी कन्सोलचा काळा पडदा येई. या एका कळेची जागा ठाऊक असणाऱ्या माणसाचं खरोखर कौतुक वाटतं. पुढे अॅक्टिव्हेशन: इतके भाग बदललेले पाहून विंडोज पुन्हा परवाना मागे, आणि मग फोनवर पन्नासेक आकडे वाचून दाखवायचे. मशीनबरोबर आलेला ओईएम परवाना तर नव्या मदरबोर्डवर न्यायची मुभाच नव्हती.

विंडोज 10 नं ही गाठ बरीच सैल केली. जुनी डिस्क लावली की ते स्वतःच नवी उपकरणं ओळखू लागतं. 2016 पासून परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडता येतो. बायोसकडून यूईएफआयकडे जाताना डिस्कची आखणी बदलायला 2017 पासून विंडोजमध्येच साधन आहे.

अक्षरांचा प्रश्न युनिकोडनं सोडवला. देवनागरीचा मंगल फॉन्ट विंडोज 2000 मध्ये आला, गुजरातीचा श्रुती एक्सपीत. जुन्या फाईली मात्र जुन्याच फॉन्टमध्ये राहिल्या. त्यासाठी 2009 चं डिस्क-टू-व्हीएचडी हे साधन उपयोगी पडतं: अख्खी डिस्क एका फाईलमध्ये बसते आणि जुनं एक्सपी नव्या विंडोजच्या आत आभासी मशीन म्हणून चालवता येतं. अडतं ते श्रीलिपीच्या कुलपाशी, म्हणजे ती चालवायला मशीनला जोडाव्या लागणाऱ्या हार्डवेअर लॉकशी. जुनी कुलपं प्रिंटरच्या समांतर पोर्टला लागत आणि आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर ते पोर्टच नसतं; तिथे यूएसबी कुलूप मिळवावं लागतं किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.