गुराखी चित्रकार चार्ल्स रसेल

अमेरिकेंतील 'काउबॉय', म्हणजे घोड्यावरून गुरांचे कळप हांकणारा गुराखी, कादंबऱ्यांनीं व चित्रपटांनीं सर्वांच्या परिचयाचा करून टाकिला आहे. परंतु ज्या चित्रकारानें स्वतः अकरा वर्षें गुरें राखिलीं, त्या चार्ल्स मॅरिअन रसेल याची साक्ष कांहीं निराळीच आहे.

रसेलचा जन्म १८६४ सालीं मिसूरी संस्थानांत सेंट लुईस येथें एका सधन घराण्यांत झाला. शाळेंत त्याचें चित्त रमेना. म्हणून सोळाव्या वर्षीं घरच्यांनीं त्यास माँटाना प्रांतीं जाऊं दिलें. १८८२ पासून तो जूडिथ नदीच्या खोऱ्यांत रात्रीची राखण करूं लागला. त्यामुळें दिवसा चित्रें काढण्यास त्यास मोकळीक मिळे. कलाशाळेचें शिक्षण त्यास जवळजवळ नव्हतेंच.

१८८६-८७ च्या भयंकर हिंवाळ्यांत माँटानांतील लक्षावधि गुरें मेलीं. कळपाचें वर्तमान मालकानें पत्रानें विचारिलें, तेव्हां रसेलनें टपालाच्या कार्डाएवढ्या कागदावर बर्फांत उभी असलेली एक अस्थिपंजर गाय आणि तिच्या पडण्याची वाट पाहणारे लांडगे रेखाटून दिले. अधिक लिहिण्याचें कारणच उरलें नाहीं. पुढें याच चित्रानें त्याची कीर्ति पसरविली.

१८९६ सालीं त्यानें नॅन्सी कूपर हिच्याशीं विवाह केला. रसेल भिडस्त, चित्राची योग्य किंमत मागण्याचें धैर्य होतें तें नॅन्सीला. तिच्याच खटपटीनें १९११ सालीं न्यू यॉर्क येथें व १९१४ सालीं लंडन येथें त्याच्या चित्रांचीं प्रदर्शनें भरलीं.

तथापि त्याची खरी थोरवी १९१२ सालच्या भव्य चित्रांत दिसते. हेलेना येथील प्रतिनिधिगृहांत अध्यक्षांच्या आसनामागें तें लाविलेलें आहे. विषय १८०५ सालीं लुईस व क्लार्क या संशोधकांची सॅलिश लोकांशीं झालेली भेट. असें चित्र काढितांना दुसऱ्या कोणीं गोऱ्या वीरांस मध्यभागीं बसविलें असतें. रसेलनें त्यांस एका बाजूस दूर उभें केलें आणि भरधाव येणाऱ्या सॅलिश घोडेस्वारांस पुढें आणिलें. ही भूमि मूळची कोणाची, हें विधिमंडळास रोज दिसावें अशीच ती योजना आहे. हा केवळ कुंचल्याचा कळवळा नव्हता. भूमिहीन चिपेवा व क्री लोकांस जागा मिळावी म्हणून झालेल्या खटपटीस त्यानें पाठिंबा दिला होता. १९१६ सालीं ती जागा त्यांस मिळाली.

यांत एक विसंगति आहे, ती झांकण्याचें कारण नाहीं. ज्या गुरांच्या धंद्यानें गव्यांचीं कुरणें व्यापिलीं, त्याच धंद्याचा रसेल हा चाकर होता. आणि पुढें शेतकऱ्यांच्या तारांच्या कुंपणांनीं त्याचीहि मोकळी कुरणें बंद केलीं. हरवण्याचें दुःख त्यास स्वानुभवानें कळलें, म्हणूनच ज्यांचें त्याहून पुष्कळ अधिक हरवलें त्यांच्याकडे तो समदृष्टीनें पाहूं शकला. १९२६ सालीं ग्रेट फॉल्स येथें तो वारला. त्याच्या चित्रांत गतकाळाचा मोह आहे खरा. पण त्या मोहापायीं त्यानें मूळच्या धन्यांस चित्राबाहेर घालविलें नाहीं, हें त्याचें श्रेय इतिहासानें मान्य केलें पाहिजे.