लाइकचा हिशेब

गेल्या रमजान ईदला माझ्या भाचीने नवा शरारा घालून फोटो काढला आणि इन्स्टाग्रामवर टाकला. शीरखुर्म्याची वाटी तशीच राहिली, ती दर दोन मिनिटांनी मोबाइल बघत होती. तासाभराने फोटो गायब. "का गं काढलास?" मी विचारले. "मामू, फक्त एकवीस लाइक आले. मी चांगली दिसतच नाही." ती चौदा वर्षांची आहे. घरातल्या सगळ्यांनी सकाळपासून तिचे कौतुक केले होते. ते तिने हिशेबात धरलेच नव्हते.

आजच्या पिढीचे खूळ म्हणून मी हे सोडून दिले असते. पण या खुळाला इतिहास आहे.

लोकांच्या नजरेत मोठे होण्याची हाव तशी जुनीच. इमाम गझाली यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये जाह, म्हणजे प्रतिष्ठेचा मोह, आणि रिया, म्हणजे दिखावा, यांवर एक अख्खे प्रकरण लिहिले. संपत्ती म्हणजे वस्तूंची मालकी, तर जाह म्हणजे लोकांच्या मनांची मालकी, अशी त्यांची मांडणी आहे. हे त्यांनी स्वतः भोगले होते. बगदादच्या निजामिया मदरशात ते नामांकित शिक्षक होते. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी नव्हे, नावलौकिकासाठी, हे त्यांना उमगले. वाचा बसली, घास गिळवेना. १०९५ मध्ये त्यांनी पद सोडले आणि शहरही.

पण गझालींची प्रतिष्ठा कुणी रोज आकड्यात मोजून त्यांच्या हातात देत नव्हते. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकने लाइकचे बटन आणले. जून २०१० मध्ये आयफोनला पुढचा कॅमेरा आला, ऑक्टोबरमध्ये फिल्टरसकट इन्स्टाग्राम. पुढे डोळे मोठे आणि कातडी नितळ करणारे फिल्टर निघाले. सप्टेंबर २०१६ पासून जिओमुळे इंटरनेट स्वस्त झाले आणि हे सारे आपल्या गल्लीतही पोहोचले.

माणूस स्वतःला इतरांशी ताडून जोखतो, असे लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडले होते. आमच्या लहानपणी ही तुलना वर्गातल्या आणि मोहल्ल्यातल्या मुलांशी होई, फार तर मावसभावंडांशी. भाचीची तुलना हजारो सजवलेल्या चेहऱ्यांशी आहे, शिवाय फिल्टर लावलेल्या स्वतःच्याच चेहऱ्याशी.

कंपनीला हे ठाऊक नव्हते असे नाही. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन यांनी फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आणली. ज्या मुलींना आपल्या शरीराविषयी वाईट वाटत होते, त्यांतल्या ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढते असे सांगितले होते. कंपनीने विपर्यास झाल्याचा खुलासा केला. अभ्यासकांतही मतभेद आहेत. सरासरी परिणाम लहान आहे असे काही जण म्हणतात. ते खरे असेलही, पण सरासरीत माझी भाची दिसत नाही. लाइकचा आकडा लपवण्याचा प्रयोग इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये केला आणि २०२१ मध्ये तो वापरणाऱ्याच्या मर्जीवर सोडला. डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना अशी खाती बंद केली.

आमच्या घरांत बंदीचा एक वेगळाच प्रकार चालतो. मुलीचा मोबाइल काढून घेतात, मुलाचा राहू देतात. त्याने मुलीला एवढेच कळते की दोष तिचाच होता. आणि काढून घेणारे आम्ही तरी कोण? लग्नातले फोटो स्टेटसवर टाकून कुणी कुणी पाहिले ते मोजणारे. हा लेख किती जणांनी वाचला, ते मीही उद्या बघणारच आहे.

म्हणून मी भाचीला रागावलो नाही. या सगळ्या तारखा सांगितल्या, गझालींची गोष्टही. तिने विचारले, "मग ते परत आलेच नाहीत?"

आले. अकरा वर्षांनी, निशापूरच्या मदरशात, पुन्हा शिकवायला.