वाया गेलेल्या मतांचा हिशेब

निवडणूक लागली की बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या मोंढ्यात चहा पिताना एक वाक्य हमखास कानावर येते : 'माणूस चांगलाय हो सर, पण मत वाया जाईल.' ज्याच्याबद्दल हे बोलले जाते तो बहुधा इथल्या राजकारणातल्या पंडित घराण्यातला नसतो, पवार घराण्यातलाही नसतो. त्याचा कारखाना नसतो, शिक्षणसंस्था नसते, मागे-पुढे गाड्या नसतात. ऊसतोड मजुरांच्या थकलेल्या हिशेबासाठी तहसीलसमोर बसणारा एखादा कार्यकर्ता, नाहीतर गावोगाव पायी फिरून मते मागणारी एखादी बाई. या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला महत्त्वाचा वाटतो. बोलणाऱ्याला माणूस पसंत आहे. नापसंत असता तर वादच मिटला असता. पसंत असूनही मत द्यायचे नाही, हा निर्णय ज्या तर्कावर उभा आहे तो तपासायला हवा.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीने. आपल्याकडे सर्वांत जास्त मते घेणारा एकटा निवडून येतो. बाकीच्यांच्या पदरात काही पडत नाही. अशा पद्धतीत राजकारण दोन तटांकडे ओढले जाते आणि तिसऱ्याला मत देणारा मतदार हळूहळू त्याला सोडतो, असे फ्रान्सचे राज्यशास्त्रज्ञ मोरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ साली मांडले. मोंढ्यातला हमाल द्युव्हर्जे न वाचता तेच सांगतो. शिवाय त्याच्या हाताशी ताजा दाखला आहे. २०२४ च्या लोकसभेत बीडमध्ये बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा पराभव केला तो अवघ्या ६,५५३ मतांनी. चार-सहा गावांनी वेगळा विचार केला असता तर खासदार बदलला असता. अशा ठिकाणी आपले मत तिसरीकडे टाकणे म्हणजे चैन, असे कुणी म्हटले तर त्याला वेड्यात काढता येत नाही.

पण 'वाया' म्हणजे काय, ते या पूर्वपक्षाला एकदा नीट सांगावे लागेल. निकालावर परिणाम न करणारे मत वाया, अशी व्याख्या असेल तर ती सगळ्यांना सारखी लागू झाली पाहिजे. पडलेल्या प्रत्येक उमेदवाराची सगळी मते वाया. आणि निवडून आलेल्याची, गरजेपेक्षा जास्त पडलेली मतेही वायाच. आता याच बीड मतदारसंघाकडे दहा वर्षे मागे जाऊन पाहा. इथले खासदार गोपीनाथ मुंडे यांचे जून २०१४ मध्ये निधन झाले, ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली आणि त्यांच्या कन्या प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांच्या फरकाने निवडून आल्या. देशातला तो तेव्हाचा विक्रम होता. पूर्वपक्षाच्या व्याख्येने पाहिले तर त्या दिवशी जवळजवळ सात लाख मते वाया गेली. असे कुणी म्हटले का? उलट, ती श्रद्धांजली होती असे सगळे म्हणाले, विरोधकांनीही ते मानले. म्हणजे मत हे निकाल लावण्यापलीकडे काही बोलते, हे बीड जिल्ह्याला पक्के ठाऊक आहे. दुःख बोलण्यासाठी दिलेले मत सार्थकी लागते, मग थकलेल्या मजुरीबद्दल बोलण्यासाठी दिलेलेच वाया कसे जाते?

खरोखर वाया जाणारे मतही असते. २०२४ मध्ये याच मतदारसंघात 'पिपाणी' चिन्हावरच्या एका अपक्षाला पन्नास हजारांहून जास्त मते पडली. सोनवणे यांचे चिन्ह, तुतारी वाजवणारा माणूस, शोधताना बोट पिपाणीवर पडले, असे तेव्हा सर्रास बोलले गेले. ते खरे असेल तर ती मते वाया गेली, कारण देणाऱ्याच्या मनात एक होते आणि नोंद दुसरीच झाली. जाणूनबुजून दिलेल्या मताला त्या रांगेत बसवणे हा सरळ अन्याय आहे.

दुसरा आक्षेप कामांचा. 'सत्तेतला आमदार नसला तर विहीर, घरकुल, रस्ता कोण करून देणार?' यावर फार शाई खर्च करायची गरज नाही. नगर-बीड-परळी रेल्वेला १९९५ साली मंजुरी मिळाली. त्यानंतर बीडने दिल्लीला आणि मुंबईला किती वजनदार माणसे पाठवली ते वाचकांनीच मोजावे. बीड शहरात गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षे. गेवराईच्या वाट्याला अजून रूळही नाहीत. विहीर आणि घरकुल तर कुणाच्या खिशातून येत नाहीत; तो हक्क असतो आणि आपण आमदाराचे आभार मानत बसतो.

तिसरा आक्षेप मात्र झोंबणारा आहे : असा माणूस निवडून आलाच तर विकला जातो. १९९५ च्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले आणि त्यांच्या टेकूवर युतीचे सरकार उभे राहिले. त्यांत गेवराईचे बदामराव पंडितही होते, नंतर ते मंत्री झाले. पण यातून सिद्ध काय होते? त्यातले कितीतरी अपक्ष पक्षाने तिकीट नाकारलेले प्रस्थापितच होते. अपक्ष आणि चाकोरीबाहेरचा हे दोन वेगळे शब्द आहेत. निवडणुकीनंतर एखाद्या पक्षात शिरणाऱ्या अपक्षाची आमदारकी जाते, असे राज्यघटनेची दहावी अनुसूची सांगते. पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्यांनी गेल्या काही वर्षांत गटागटाने काय केले ते महाराष्ट्राने पाहिलेच आहे. विकले जाण्याच्या शर्यतीत एकट्या माणसाला पुढे ठेवायला मी तयार नाही.

एक भीती मात्र कुणी उघड बोलत नाही. निकालानंतर 'नमुना २०' मध्ये प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मते पडली ते छापून येते. लहान गावात अनोळखी उमेदवाराला तीनच मते पडली तर ती तीन कुणाची, हे पारावर संध्याकाळपर्यंत ठरते. मुकादमाकडून उचल घेतलेल्या कोयत्याला, म्हणजे ऊसतोड मजुराला, ही चैन परवडत नाही. त्याने घाबरून मत फिरवले तर मी त्याला नावे ठेवणार नाही. पण मग त्याला भीती म्हणावे. शहाणपण म्हणून ती इतरांना शिकवू नये.

हे सगळे म्हणताना प्रत्येक वेगळ्या उमेदवाराला मत द्या, असे मला म्हणायचे नाही. काही जण मते खायलाच उभे केलेले असतात. त्यांचा खर्च कुणीतरी दुसराच करत असतो. काहींना फक्त फोटो छापून यायला हवा असतो. ओळखायचे कसे? शपथपत्र पाहावे, ते आता कुणालाही पाहता येते. त्याहून सोपी खूण म्हणजे मागच्या वेळी पडल्यावर तो कुठे होता? आणि मुख्य दोघांपैकी एक उमेदवार तुमच्या जिवावर उठणारा वाटत असेल तर दुसऱ्याला मत देण्यातही काही कमीपणा नाही. फक्त तो हिशेब तुमचा असावा. 'वाया जाईल' असे सांगणाऱ्याच्या खिशात बहुतेक वेळा स्वतःचा एक उमेदवार असतो.

आता 'बीडमध्ये असले चालत नाही' हे शेवटचे पालुपद. बीडचा पहिलाच खासदार काँग्रेसचा नव्हता. १९५२ मध्ये पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे निवडून आले. १९६७ मध्ये याच जिल्ह्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवले. हा माणूस येडेमच्छिंद्रचा, कृष्णाकाठचा. तलाठ्याची नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेला, साताऱ्यात प्रतिसरकार चालवलेला, साठी ओलांडलेला, आणि कम्युनिस्ट. भावकीचे गणित त्याच्या बाजूने मांडताच येत नव्हते. १९५७ साली साताऱ्याने त्याला निवडून दिले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची लाट होती. बीडमध्ये १९६७ ला तीही नव्हती. १९७१ मध्ये जागा काँग्रेसच्या सयाजीराव पंडितांकडे गेली. तेव्हा बीडने चूक सुधारली, असे समजायला जागा होती.

सहा वर्षांनी, १९७७ मध्ये, जनता लाटेची साथ होती हे खरेच, पण बीडने पुन्हा लाल बावट्यालाच मत दिले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे त्या वर्षी महाराष्ट्रातून तीन खासदार झाले : मुंबईतून अहिल्या रांगणेकर, डहाणूतून लहानू कोम आणि बीडमधून गंगाधर अप्पा बुरांडे.