दहा हजार एक गाई आणि वर्ष ४६

पुणे–नाशिक रस्त्याने पेठ मागे टाकून अवसरीचा घाट ओलांडला, की मंचर, नारायणगावमार्गे जुन्नरला पोचता येते. शाळेची सहल शिवनेरीवरून परत न आणता पश्चिमेला नाणेघाटापर्यंत न्यावी, असे आम्ही शिक्षकमित्रांना नेहमी सुचवतो. मात्र त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘नाणेघाटात दोन हजार वर्षांपूर्वीचे शून्य आहे’ हे वाक्य आम्ही फलकावर वाचले आहे आणि भाषणांतही ऐकले आहे. नाणेघाटात शून्य नाही.

मग काय आहे? घाटमाथ्यावरच्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. तो साधारण इ.स.पूर्व पहिल्या शतकातला मानतात. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे. गाई १,७००, हत्ती १०. कार्षापण म्हणजे नाणी २४,४००. आणखी एका यज्ञात गाई १०,००१. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या आकड्यांचा बारकाईने अभ्यास केला. लेख आता बराच झिजला आहे. त्यामुळे मुलांना दाखवण्यासाठी छापील ठसा सोबत न्यावा.

ही अंकपद्धत समजायला सोपी आहे. एक, दोन यांसाठी आडव्या रेघा, चारासाठी अधिकच्या चिन्हासारखी खूण. दहा, वीस, शंभर, हजार यांना प्रत्येकी स्वतंत्र चिन्ह. शंभराच्या चिन्हाला एक फाटा जोडला की दोनशे, दोन जोडले की तीनशे. शंभराला चाराची खूण जोडली की चारशे, हजाराला दहाची जोडली की दहा हजार. तेव्हा २४,४०० लिहायला तीन चिन्हे लागतात : वीस हजार, चार हजार, चारशे. १०,००१ तर दोनच चिन्हांत संपते. आपल्याला तीच संख्या लिहायला मध्ये तीन शून्ये लागतात. इथे चिन्ह कोठेही लिहा, त्याची किंमत बदलत नाही. रिकामे स्थानच नाही, मग ते भरायला शून्य कशाला? हिशेब अडत नव्हता. आपल्या १, २, ३ यांचे पूर्वज मात्र याच ब्राह्मी अंकांत आहेत.

आता जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यांकडे वळू. तिथे महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने पोढी म्हणजे पाण्याचे टाके आणि मंडप दिल्याचा लेख आहे. त्याच्या शेवटी वर्ष आहे : ४६. चाळीसचे एक चिन्ह, सहाचे एक. पण हे ४६ कोणत्या गणनेतले? पूर्वी बहुतेक अभ्यासक ते शक वर्ष मानत, म्हणजे इ.स. १२४. आज अनेकांचे मत वेगळे आहे. शकगणना इ.स. ७८ मध्ये क्षत्रप चष्टनापासून सुरू झाली आणि नहपानाची वर्षे निराळी, असे ते म्हणतात. आम्हाला हे दुसरे मत अधिक पटते. पण वर्गात दोन्ही मते सांगावीत.

या गणनेला आपण ‘शालिवाहन शक’ म्हणतो, हीही एक गंमतच. सातवाहन स्वतः शकगणना वापरत नसत. नाशिकच्या लेण्यातील पुळुमावीच्या लेखात काळ असा दिला आहे : राजाचे एकोणिसावे वर्ष, उन्हाळ्याचा दुसरा पक्ष, दिवस तेरावा. वर्षाचे तीन ऋतू, प्रत्येकात आठ पक्ष. राजा बदलला की गणना पुन्हा एकपासून. शालिवाहनाचे नाव शकाला हजाराहून अधिक वर्षांनी चिकटले.

राजासोबत न संपणारी गणना ज्योतिष्यांना मात्र फार सोयीची होती. ग्रहांची स्थाने काढायला एक आरंभबिंदू ठरवायचा आणि तिथपासून आजवर किती दिवस गेले ते मोजायचे. या दिवसांच्या संख्येला अहर्गण म्हणतात. वराहमिहिराने त्यासाठी शक ४२७ घेतले, तर कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ‘ग्रहलाघवा’त शक १४४२, म्हणजे इ.स. १५२०. पंचांगकर्त्यांनी पुढे शतकानुशतके याच ग्रंथावरून गणित केले.

आणि शून्य? कंबोडियातील संबोर येथे सापडलेल्या एका शिलालेखावर शक ६०५, कृष्ण पक्षातील पंचमी असा काळ कोरला आहे. सहा, मग एक टिंब, मग पाच. हे इ.स. ६८३. जॉर्ज सेदेस या फ्रेंच अभ्यासकाने १९३१ साली त्याकडे लक्ष वेधले. काळ निश्चित माहीत असलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी हे एक आहे, आणि ते शकवर्षाच्या आकड्यात बसले आहे.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या समितीने राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी हाच शक निवडला. २२ मार्च १९५७ हा दिवस १ चैत्र १८७९ ठरला. गुढीपाडव्याच्या चांद्र वर्षाशी याची गल्लत करू नये. हे सौर वर्ष आहे. ते २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला सुरू होते. त्या दिवसापासून डिसेंबर अखेरपर्यंत इसवी सनातून ७८ वजा करावेत, जानेवारीपासून ते सुरू होईपर्यंत ७९. मुलांना आपापली जन्मतारीख या पद्धतीने मांडायला सांगावी, आणि मग तेच शकवर्ष नाणेघाटाच्या चिन्हांत लिहायला.